बॅग अंगावरून उतरवायची नाही

‘रिकामी नको,’ मी म्हटलं. ‘भरून बघायचीय.’

दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. साडी आधी नेसून एक लग्न करून येते, आवडली तर घेते, असं म्हटल्यावर कापडवाला बघेल तसं.

‘भरून म्हंजे? कशानं भरू बाई? बॅगांचं दुकान आहे हे.’

‘शेजारी धान्याचं आहे की. अकरा किलो जोंधळा मागवा. भरते, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते आणि परत ओतून देते. दाणा कमी झाला तर भरून देईन.’

‘आणि बॅग घेऊन पळालात तर?’

‘अकरा किलो जोंधळा पाठीवर घेऊन कुणी पळत असतंय का?’

दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी काही हलणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं शेजारी हाक मारली.

अकरा किलोच का, ते सांगते. आमचा शारदा फोटो स्टुडिओ गडहिंग्लजचा. आमचा म्हणजे माझ्या वडलांचा, आण्णांचा. साल चौऱ्याण्णव. मी चोवीस वर्षांची, बी.कॉम. होऊन घरी, आणि घरी म्हणजे डार्करूममध्ये. पासपोर्ट फोटो मी काढायची, रोल मी धुवायची, नवरीमुलीच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पेन्सिलनं मी घालवायची. बाहेरची ऑर्डर, म्हणजे लग्नं, बारशी, सत्कार, तेवढी आण्णांकडं. पत्र्याची हिरवी पेटी उजव्या खांद्यावर टाकायची आणि निघायचं. पेटीवर पिवळ्या रंगात स्टुडिओचं नाव. आजऱ्यापासून संकेश्वरापर्यंत त्यांना कुराडे कुणी म्हणत नसे, पेटीवाले म्हणत.

सव्वीस वर्षं ती पेटी वाहून आण्णांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. त्या जानेवारीपासून हात छातीच्या वर उठेना झाला. डॉक्टर म्हणाले, ह्या खांद्यावर आता ओझं घ्यायचं नाही म्हणजे नाही. आण्णांनी घरी येऊन टोपी खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, ‘स्टुडिओ दिगूला देतो.’

दिगू म्हणजे माझा चुलतभाऊ, दिगंबर. सायकलचं दुकान चालवायचा. अंगानं पहिलवान. कॅमेऱ्याशी त्याचा संबंध एवढाच, की तो समोर आला की दिगू डोळे मिटायचा. आमच्या घरातल्या एकाही फोटोत त्याचे डोळे उघडे नाहीत.

‘आण्णा, मी आहे की घरात!’

‘आहेस की. पण पेटी उचलशील?’

उचलली. आमच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत गेले आणि तिथल्या कट्ट्यावर ती टेकवून धापा टाकत बसले. सगळी गल्ली बघत होती. पेटीची कड खांद्यात अशी रुतली होती, की दोन दिवस वेणी घालायला हात वर जाईना.

‘बघ,’ आण्णा म्हणाले. ‘फोटो काय, कुणीबी काढेल. सामान कोण वाहणार?’

माझं डोकंच फिरलं. सात वर्षं त्या काळ्या खोलीत केमिकलमध्ये बोटं पिवळी करून घेतली, ती काय ह्यासाठी? ‘पेटीच पाहिजे असं कुठं लिहिलंय? मला अंगावर नीट बसणारी बॅग घेऊ द्या. मग बघा.’

आण्णांनी हनुवटी चोळली. मग म्हणाले, ‘ठीक. वैशाखात देवार्ड्यांच्या पोराचं लगीन आहे. आजऱ्याच्या पुढं, मुलीच्या गावी. सकाळी बॅग अंगावर चढवायची, पाठवणीला उतरवायची. मध्ये कुणाच्या हातात द्यायची नाही, मला मदत मागायची नाही. जमलं तर स्टुडिओ तुझा. नाही जमलं तर दिगूचा, आणि परत ह्या घरात विषय काढायचा नाही. कबूल?’

‘कबूल.’

दुसऱ्याच दिवशी मी सगळं सामान वाण्याच्या काट्यावर ठेवलं. दोन कॅमेरे, फ्लॅश, त्याची जड बॅटरी, लेन्सा, रोल. भरलं अकरा किलो. म्हणून कोल्हापुरात, त्या बॅगांच्या दुकानात, जोंधळाही अकरा किलो.

पहिली बॅग एका खांद्याची होती. दहा पावलांत ती फिरून पोटावर आली, मागं ढकलली तर मांडीवर आदळायला लागली. दुसरी चामड्याची, बघायला देखणी, पण उचलल्यावर तिचा बंद टाहो फोडायचा. तिसऱ्या बॅगेला दप्तरासारखे दोन पट्टे होते, पण बारीक. खांद्यात काचायला लागले. त्यातच तिची चेन थोडी उसवलेली निघाली आणि मी परत येत होते तेव्हा माझ्यामागून एक शेळी जोंधळा टिपत दुकानात आली. तिनं काउंटरवरची पावतीबुकं हुंगली. दुकानदारानं आधी तिला हाकललं, मग हात जोडून माझ्यापुढं उभा राहिला.

‘ताई, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?’

‘वरची ती निळी काढा.’

‘ती नको हो. डोंगर चढणाऱ्यांची आहे. दोन वर्षं लोंबकळत्येय, कुणी विचारत नाही. आणि तिला हा खालचा पट्टा जास्तीचा आहे. स्कूटरला बांधायला असेल.’

मी ती पाठीवर घेतली, जोंधळ्यासकट. तो जास्तीचा पट्टा कमरेला आवळून बघितला आणि चकितच झाले. खांद्यावरचं ओझं गेलं की! सगळा भार कमरेवर उतरला. आता मला सांगा, आमच्या गल्लीतली कुठलीही बाई पाण्याची भरली घागर कुठं घेते? कमरेवर. सव्वीस वर्षं आण्णा खांदा झिजवत राहिले, आणि आमची आई रोज त्यांच्या समोरून कमरेवर घागर घेऊन जात होती.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथून पुढच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा दुकानदार पायरीवर उभा राहून डोळ्यांवर हात धरून रस्ता बघत होता.

‘आलात?’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, गेला जोंधळा.’

बॅग घरी आली. आण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. ‘एव्हरेस्टवर लगीन आहे काय कुणाचं?’ एवढंच म्हणाले. आई आमच्या भांडणात कुणाच्याच बाजूची नव्हती. तिनं कॅमेऱ्यांसाठी आत कापसाचे कप्पे शिवून दिले, पण ते मात्र दुहेरी शिवणीचे.

लग्नाच्या दिवशी पहाटे सामान आण्णांनीच भरलं. तुला रचता येत नाही म्हणाले. मी वाद घातला नाही, कारण माझं दुसरंच भांडण चाललं होतं, आईशी. लग्नाला पंजाबी ड्रेस घालून गेलीस तर देवार्डे काय म्हणतील, म्हणून तिनं मला मोरपंखी साडी नेसवली आणि वर गजरा माळला. बॅग पाठीला लावली तेव्हा ती जोंधळ्यापेक्षा जड वाटली. म्हटलं, छातीत धडधडतंय म्हणून वाटत असेल.

वऱ्हाडाच्या एसटीत आम्ही बसलो. आण्णा स्वच्छ पांढरा सदरा-पायजमा घालून, डोक्यावर टोपी, हात मोकळे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पेटीशिवाय लग्नाला निघाले होते. नवऱ्यामुलाचे थोरले काकाच जणू. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, ‘जड वाटतंय?’

‘छे,’ मी दोनदा म्हटलं.

आता पुढचं सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. वऱ्हाडाची गाडी आली, की मुलीकडची माणसं पळत येऊन पाहुण्यांचं सामान उचलतात. वऱ्हाडाच्या माणसाच्या हातात स्वतःची पिशवी दिसली तर मुलीकडच्यांची मान खाली. गाडी थांबायच्या आत खिडक्यांतून हात येतात आणि बॅगा, वळकट्या, ट्रंका डोक्यांवरून चालू लागतात. आण्णांच्या पेटीला मात्र कधी कुणी हात लावला नव्हता. पेटी म्हणजे फोटोवाला, हे पोराटोरांनाही माहीत.

गाडी मांडवापाशी थांबली. मी उठले. निऱ्या सुटल्यासारख्या वाटल्या म्हणून कमरेचा पट्टा सोडून बॅग क्षणभर सीटवर टेकवली आणि निऱ्या खोचल्या. तेवढ्यात खिडकीतून एक दणकट हात आत आला, त्यानं बॅग उचलली आणि बाहेर गेला.

‘अहो! अहो, ती माझी!’

‘तुमचीच की ताई! आमच्या गावात ओझं उचलायचं नाही तुम्ही!’ बाहेरून आवाज आला.

मी मागं वळून आण्णांकडं बघितलं. ते दोन सीट मागं बसले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. उजवा हात वर होत नव्हता म्हणून त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं, क्रिकेटमधला अंपायर करतो तसं. आऊट.

‘हे धरायचं नाही!’ मी ओरडले. ‘ही चोरी आहे!’

‘कुणाच्या हातात द्यायची नाही, असं ठरलं होतं,’ आण्णा शांतपणे म्हणाले. ‘गेली.’

मी वाद घालायला थांबले नाही. गाडीतून उडी मारली. निळी बॅग एका माणसाच्या डोक्यावर, इतर सामानाच्या रांगेत, शाळेच्या दिशेनं निघाली होती. वऱ्हाडाचा मुक्काम शाळेत होता. मी पळाले, पण मांडवाच्या दारात पाच-सहा बायकांनी मला घेरलं.

‘या, या! करवली दिसतीय! पाय पुढं करा.’

‘मी करवली नाही हो. मी फोटोग्राफर आहे.’

बायका खळखळून हसल्या. ‘हो का! आन् ह्या आमच्या काकू कलेक्टर हाईत. पाय करा पुढं.’

मोरपंखी साडी, गजरा. मी तरी माझ्यावर विश्वास ठेवला असता का? त्यांनी माझे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, तोंडात साखर घातली आणि एकीनं डोळे भरून बघत विचारलं, ‘तुमचं ठरलंय का कुठं?’ मी ‘नाही’ म्हणून चुकले. मग आडनाव, गाव, शिक्षण, सगळं झालं. शाळेपाशी पोचले तेव्हा खोलीला भलंमोठं कुलूप.

चावी मुलीच्या मामांकडं होती. मामा म्हणजे उंच, आडवे, मिशा वळवलेल्या, कमरेच्या चांदीच्या करगोट्याला चावी अडकवलेली. नवरी गौरीहरापुढं बसली होती आणि दारात हे पहाऱ्यावर.

‘मामा, खोली जरा उघडता? माझी बॅग आत आहे.’

‘काय पाहिजे ते सांगा. माणूस पाठवतो, आणून देईल.’

‘मीच काढते. कॅमेरा आहे त्यात.’

‘कॅमेरा कशाला ताई तुम्हाला? पेटीवाले येणार हाईत की फोटो काढायला! गडहिंग्लजचे. लई हुशार माणूस.’

‘मी त्यांचीच मुलगी. ह्या वेळी मीच काढणारे.’

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, कीव होती. ‘हे बघा ताई. मागं थोरलीच्या लग्नात पाहुण्यांची एक पिशवी गेली. अजून लोक बोलतात. ह्या खेपेला मी शब्द दिलाय, जेवणं झाल्याबिगर कुलूप निघणार न्हाई. अन् निघालं तर सगळ्यांच्या समोर निघेल. आता मुहूर्त झाला की जेवणंच.’

‘पण मुहूर्ताचाच फोटो पाहिजे ना!’

‘पेटीवाले येतील की,’ मामा म्हणाले आणि दारात आणखी रुंद उभे राहिले.

मी मांडवात आले. मुहूर्त बारा सत्तावीसचा. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलीकडच्यांची एकच चौकशी, पेटीवाले आले का? देवार्डे मंडळी नवऱ्यामुलाला घेऊन मारुतीच्या पाराला गेलेली, मुलीचा काका मुलीच्या बापाला विचारत होता, मुलीचा बाप रस्त्याकडं बघत होता. आणि पेटीवाले पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून कोकम सरबत पीत होते! पेटी नसल्यामुळं मुलीकडचा एक माणूस त्यांना ओळखेल तर शपथ.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सांगू का मामांना, एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते मी मागितलं असतं तर मदत मागितली असं झालं असतं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी येऊन थांबलं होतं.

‘काही म्हणायचंय?’ त्यांनी विचारलं.

‘सरबत गोड आहे का?’ मी विचारलं आणि निघाले. मेले असते, पण मदत मागितली नसती.

गावच्या शाळेचं एक बरं असतं. पोरांना पळून जायला कुठून तरी वाट केलेली असतेच. मागच्या बाजूच्या खिडकीचे दोन गज फाकवलेले सापडले. पदर खोचला, इकडंतिकडं बघितलं आणि आत शिरले. कंबर अडकली, साडी टरकली, गजरा गजात राहिला. आत चाळीसएक बॅगा एकावर एक रचलेल्या, आणि माझी सगळ्यांत खाली. एकेक बाजूला केली. कुणाच्या तरी पिशवीतून चिवड्याचा डबा सांडला. तो मी परत भरला, खाली सांडलेल्यासकट, देव मला क्षमा करो.

बाहेरून माईकवर भटजींचा आवाज आला. मंगलाष्टकं सुरू झाली होती.

मी बॅग आडवी करून गजांतून रेटली. आईचे कापसाचे कप्पे दबले आणि ती पलीकडं गेली. पत्र्याची पेटी असती तर खिडकी पाडावी लागली असती. मागोमाग मी. बॅग पाठीवर, पट्टा कमरेला, दोन्ही हात मोकळे. दारावरून वळसा घालायला वेळ नव्हता. कंपाउंडची भिंत छातीएवढी होती. हात टेकले, वर चढले, आणि समोर सगळा मांडव! चारशे माणसं हातात अक्षता घेऊन उभी, आणि मी भिंतीवर, फाटकी साडी, विस्कटलेले केस, पाठीवर निळं गाठोडं.

नवरीच्या मागं मामा उभे होते. त्यांनी मला बघितलं. बॅग बघितली. तोंड उघडलं.

‘सावधान!’ भटजी म्हणाले.

‘अहो, सावधान काय! ती बघा, ती बघा चोरटी!’ मामा ओरडले. पण तेवढ्यात ताशा वाजला, अक्षता उडाल्या आणि त्यांचं ओरडणं त्यात बुडालं. मंगलाष्टकं चालू असताना मामाला नवरीपासून हलता येत नाही, हे माझं नशीब.

मी गर्दीतून पुढं घुसले. बॅग समोर घेऊन कॅमेरा काढला. रोल भरायचा, फ्लॅश लावायचा, बॅटरी जोडायची. निदान तीन मिनिटं पाहिजेत. भटजींनी घड्याळ बघितलं. शेवटचं मंगलाष्टक राहिलं होतं.

शेजारी नवऱ्याची गोदाआत्या उभी होती. म्हातारी हिरमुसलेली. हातात चौघडी केलेला कागद. एसटीत ती सगळ्यांना सांगत होती, की भाच्यासाठी स्वतः मंगलाष्टक रचलंय, पण मुलीकडचे भटजी म्हणून देतील की नाही कोण जाणे.

‘आत्या, तुमचं झालं म्हणून?’

‘कुठलं गं! ह्या भटजीला घाई लागलीय.’

‘माईक घ्या. कुणाला विचारू नका. सगळी कडवी म्हणा.’

‘सगळी? त्यात बावीस जणांची नावं आहेत.’

‘तेविसावं सुचलं तर तेही घाला!’

आत्यानं भटजींच्या हातातून माईक घेतला तो असा, की भटजींना कळलंच नाही. आणि तिनं सूर लावला. काय सूर होता तो! मांडवातली लहान पोरं रडायला लागली. खापरपणजोबांपासून सुरुवात झाली. भटजी घड्याळ दाखवत होते, आत्यानं डोळे मिटून घेतले होते. तिचा चुलत दीर आला तोवर माझा रोल भरून झाला. धाकट्या जावेच्या माहेरचे आले तोवर फ्लॅश लागला. तेवढ्यात मामांच्या हातानं मागून माझं बखोटं धरलं. मुलीमागं दुसरं कुणीतरी उभं करून ते आलेच होते.

‘सोडा, मामा! आत्याचं संपलं, अंतरपाट निघतोय!’

कसं कोण जाणे, पण त्यांनी सोडलं. अंतरपाट खाली आला, नवरीनं मान वर केली, आणि मी फ्लॅश मारला. एक, दोन, हार घालताना तीन. सगळा मांडव एकदम माझ्याकडं वळला. त्या उजेडानं जे काम केलं ते माझ्या सांगण्यानं झालं नव्हतं.

‘आयला,’ मामा म्हणाले, ‘खरंच फोटोवाली की!’

पंगत बसली. मी दुसरा रोल भरायला एका कोपऱ्यात बॅग उघडली. जुना रोल ठेवायला तळाशी हात घातला, तर काळ्या मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उलगडलं. लोखंडाचं वजन होतं. आमच्या वाण्याच्या दुकानातलं. पाच किलोचं.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. खिडकीतून, भिंतीवरून, अकरा नाही, सोळा किलो घेऊन नाचत होते मी! तशीच उठले. आण्णा पंगतीत बसले होते, जिलबीचा तुकडा तोंडाशी. त्यांच्या पत्रावळीशेजारी, मिठाच्या बाजूला, मी ते वजन ठेवलं.

आण्णांचा हात थांबला.

त्यांच्या शेजारी एक गलमिश्यांचे आजोबा जेवत होते. त्यांनी वजनाकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं. ‘काय पाव्हणं, घरनं वजन घिऊन आलायसा? जिलबी मोजून घ्यायची काय?’

सगळी ओळ हसली. आण्णा हसले नाहीत. पान तसंच सोडून उठले, डाव्या हातात वजन घेतलं आणि मांडवामागं, पाण्याच्या पिपांपाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग.

‘का?’ मी विचारलं.

‘वाटलं, दुपारपर्यंत दमशील. आपणहून म्हणशील, नको आण्णा.’

‘लाज नाही वाटली? स्वतःच्या मुलीला?’

‘वाटली की. गाडीत दोनदा विचारलं तुला, जड वाटतंय का म्हणून.’

‘आणि मग काय, दिगूला? त्याला लेन्स कुठली पुढं आणि कुठली मागं ते कळत नाही!’

‘न्हाई कळत.’

‘मग?’

‘कळत न्हाई म्हणूनच,’ आण्णा पिपातल्या पाण्याकडं बघत म्हणाले. ‘त्याला शिकायला दोन-तीन वर्षं लागली असती. रोज आला असता, आण्णा हे कसं, आण्णा ते कसं. तुला काय शिकवायचं राहिलंय, शैला? आज तुझ्या हातात दिलं, की उद्यापासून मी नुसता ओसरीवर.’

मला रागवायचं होतं. पुष्कळ शब्द गोळा करून आले होते. पण रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून परत राग आला.

‘मी हरलेच आहे,’ मी नाक पुसत म्हटलं. ‘बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर गेली.’

‘आणि मी लबाडी केली. फिट्टंफाट झाली.’ त्यांनी वजन डाव्या हातातून उजव्यात घ्यायचा प्रयत्न केला आणि तोंड वेडंवाकडं करून परत डाव्यात घेतलं. ‘स्टुडिओ तुझा. त्या भिंतीवर चढलीस तेव्हाच झाला तुझा. पाच किलो जास्त आहेत, हे त्या मांडवात मला एकट्यालाच ठाऊक होतं.’

सहा वाजता पाठवणीआधी दोन्हीकडच्या माणसांचा मोठा फोटो ठरला. शाळेच्या मैदानात साठ माणसं उभी केली. मामांनी स्वतः बाकं आणून लावली. बॅगेकडं हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. ‘ताई, धरू का म्हणून विचारायचीबी भीती वाटतीय आता,’ म्हणाले.

साठ माणसांना फ्लॅश पुरत नाही. उन्हावरच काढायला पाहिजे. ऊन डोंगराकडं झुकलं होतं, आणखी दहा मिनिटं होतं. माणसं कशी वळवायची, उजेड कुठून घ्यायचा, लेन्सचं छिद्र किती उघडायचं, मला सगळं कळत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि बाजूला, झाडाखाली, आण्णा उभे दिसले. हातात ते मेलं वजन तसंच.

मी कॅमेरा खाली घेतला.

‘आण्णा,’ मी हाक मारली, ‘उजेड कुठनं घेऊ हो? काही कळेना झालंय.’

ते आले. घाईनं नाही, पण आले. वजन मामांच्या हातात दिलं. सूर्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि सुरू झाले. तिरपं ऊन म्हणजे काय, ते नाकाची सावली कशी पाडतं, टोपीवाल्यांना मागं का घ्यायचं, नऊवारीतल्या बायकांना पुढं का, एकोणीसशे बहात्तर साली नेसरीच्या लग्नात काय झालं होतं. साठ माणसं उभी. नवऱ्यामुलाचा फेटा ढळला. गोदाआत्या खाली बसली. मी मान हलवत होते, ‘हो का, अस्सं होय,’ म्हणत होते, आणि आण्णांच्या खांद्यावरून ऊन डोंगरामागं जाताना बघत होते. एकदाही घाई केली नाही.

तो फोटो देवार्ड्यांच्या घरी अजून भिंतीवर आहे. त्यात निम्मी माणसं अंधारात आहेत. देवार्डे माझ्यावर वर्षभर चिडून होते, आणि चूक माझीच, असं मी त्यांना तेव्हाही सांगितलं.

आण्णांनी तो पहिल्यांदा बघितला तो डार्करूमच्या लाल दिव्याखाली. कागद केमिकलमध्ये हलवत होते मी, आणि एकेक काळवंडलेलं तोंड वर येत होतं. त्यांनी अगदी वाकून बघितलं. मग सरळ झाले, आणि गेल्या चार महिन्यांत त्यांच्या तोंडावर दिसलं नव्हतं इतकं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

‘बघ,’ ते म्हणाले, ‘अजून कच्ची आहेस. पुढच्या लग्नालाबी मला यावं लागणार.’

‘यावंच लागेल, आण्णा,’ मी म्हटलं.